मुंबईत लोकल, मेट्रो, बसने पहिल्यांदा फिरताय? घरून निघण्यापासून स्टेशनाबाहेर पडेपर्यंत, क्रमाने

नाशिक, कोल्हापूर, नागपूर, लातूरहून कोणी ना कोणी इंटरव्ह्यूला, परीक्षेला, टाटा हॉस्पिटलला नाहीतर मंत्रालयातल्या कामाला मुंबईत येतं आणि हमखास तेच विचारतं, मॅपवर बारा किलोमीटर दाखवतोय, अर्ध्या तासात पोहोचेन ना? नाही पोहोचणार. म्हणजे कदाचित पोहोचालही, पण ते किलोमीटरवर ठरत नाही, तुम्ही कुठल्या लाईनवर आहात आणि जायचंय ते ठिकाण कुठल्या लाईनवर आहे ह्याच्यावर ठरतं. आणि लोकांना वाटतं गडबड गर्दीत होते, तर तसंही नाही, बहुतेक गडबडी घरून निघायच्या आधीच होऊन बसलेल्या असतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. पत्ता बाजूला ठेवा, आधी लाईन शोधा

तुम्हाला लागणाऱ्या लाईनी मुख्यतः अशा. वेस्टर्न म्हणजे चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार आणि पुढे डहाणूपर्यंत. सेंट्रल म्हणजे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याण, आणि कल्याणला दोन फाटे, एक कसाऱ्याकडे, एक कर्जत-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहूनच निघते पण वडाळ्याला फुटते, एक गाडी कुर्ला-वाशी-पनवेलकडे आणि दुसरी वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे. शिवाय ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी ट्रान्स हार्बर, ती नवख्या माणसाला माहीतच नसते आणि तो ठाण्याहून वाशीला जायला कुर्ल्यापर्यंत खाली येतो, तिथे गाडी बदलतो आणि परत वर जातो.

तर पत्ता हातात आला की पहिला प्रश्न, जवळचं स्टेशन कुठलं आणि ते कुठल्या लाईनवर. उदाहरणार्थ टाटा किंवा केईएम हॉस्पिटल, दोन्ही परळला. सेंट्रलचं परळ स्टेशन, पण तिथे फास्ट गाडी (मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी) थांबत नाही, म्हणजे कल्याणहून येत असाल तर फास्टने दादर आणि दादरहून स्लोने (सगळीकडे थांबणारी) पुढचंच स्टेशन. वेस्टर्नने येत असाल तर परळला लागूनच प्रभादेवी आहे (जुने लोक अजून एल्फिन्स्टन म्हणतात, रस्ता विचारताना दोन्ही नावं लक्षात ठेवा), तिथे उतरून पुलावरून पूर्वेला या.

बाहेरगावच्या गाडीने येणाऱ्यांसाठी: वांद्रे टर्मिनस आणि लोकलचं वांद्रे स्टेशन एक नाही. टर्मिनसला उतरून लोकल पकडायची तर खार रोड स्टेशनला जोडणारा पादचारी पूल आहे, तो सोयीचा. तसंच लोकमान्य टिळक टर्मिनस, सगळे त्याला कुर्ला टर्मिनस म्हणतात पण ते कुर्ला स्टेशनात नाही, हार्बरचं टिळकनगर तिथून जवळ पडतं. परतीची एक्सप्रेस पकडायची असेल तर तिकिटावर टर्मिनसचं नाव नीट वाचा, सामान घेऊन कुर्ला स्टेशनात गाडी शोधणारे लोक रोज दिसतात.

२. पूर्व की पश्चिम, हे गाडीत बसायच्या आधी

मुंबईत पत्त्यात पूर्व-पश्चिम लिहिलेलं असतं ते शोभेला नाही. रूळ शहराला मधोमध कापतात आणि चुकीच्या बाजूला बाहेर पडलात की परत पूल चढा, नाहीतर रिक्षाने मोठा वळसा घाला. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), कलानगर वांद्रे पूर्वेला. सीप्झ (निर्यात कंपन्यांची वसाहत), एमआयडीसी अंधेरी पूर्वेला. शिवाजी पार्क दादर पश्चिमेला. पत्त्यात बाजू नसेल तर फोन करून विचारा, आणि "स्टेशनहून चालत येण्यासारखं आहे का, कुठल्या पुलाने येऊ" हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. मोठ्या स्टेशनांवर तीन-चार पूल असतात आणि प्रत्येक पूल वेगळ्या ठिकाणी सोडतो.

*इथे थांबून बघा:* कागदावर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. चढायचं स्टेशन, बदलायचं स्टेशन (असेल तर), उतरायचं स्टेशन, बाजू. ह्यातली एक जरी रिकामी असेल तर अजून निघू नका.

३. दिवस आणि वेळ

सकाळी साधारण आठ ते अकरा सगळं जग दक्षिणेकडे जातं, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे परत. तुम्ही उलट्या दिशेने जात असाल तर गर्दीची फार काळजी करू नका. त्याच दिशेने जायचं असेल आणि सोबत म्हातारं माणूस, लहान मूल किंवा मोठी बॅग असेल तर वेळच बदला, दुसरा इलाज नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट दहाची असेल तर सात-सव्वासातची गाडी पकडा आणि तिथे जाऊन चहा पीत बसा.

रविवार वेगळा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, वेस्टर्नवाले त्याला जम्बोब्लॉक म्हणतात. कधी फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर, कधी काही स्टेशनांवर गाडी थांबतच नाही, कधी हार्बरचा एखादा तुकडा दुपारभर बंद. शनिवारी पेपरात आणि रेल्वेच्या सोशल मीडियावर ब्लॉकचा तपशील येतो, तो बघितल्याशिवाय रविवारच्या परीक्षेला निघू नका. परीक्षा रविवारीच असतात आणि ब्लॉक पण रविवारीच.

वेळापत्रकासाठी एम-इंडिकेटर ॲप फोनमध्ये टाकून ठेवा, त्यात प्रवाशांचं चॅटही आहे, गाडी कुठे अडकली ते बऱ्याचदा अनाउन्समेंटच्या आधी तिथे कळतं. सेंट्रल रेल्वेचं यात्री ॲपही आहे.

४. तिकीट: स्टेशनात शिरायच्या आधी

सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून आहे, त्यामुळे विनातिकीट जायचं काहीच कारण नाही, आणि पकडलं तर दंड कमीत कमी २५० रुपये अधिक भाडं. तरी लोक पकडले जातात ते बहुतेक चुकीच्या तिकिटामुळे.

तिकीट काढायचे रस्ते: खिडकी, एटीव्हीएम (आपलं आपण तिकीट काढायचं मशीन), आणि मोबाईल. मोबाईलवर रेल्वेच्या रेलवन ॲपमध्ये लोकलचं तिकीट निघतं. पण ॲपचं पेपरलेस तिकीट स्टेशनाच्या हद्दीबाहेर असतानाच काढायचं असतं, आत शिरलात, प्लॅटफॉर्मवर टीसी दिसला आणि घाईघाईने मोबाईल काढला तर ॲप तुमचं लोकेशन बघून नाही म्हणतं. दुसरं, फार आधी पण काढू नका, तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा. तिसरं, स्क्रीनशॉट चालत नाही, टीसीला ॲप उघडूनच तिकीट दाखवावं लागतं, म्हणजे फोनची बॅटरी हेच तुमचं तिकीट. चार्ज कमी असेल तर सरळ कागदी तिकीट काढा.

तिकिटावर "व्हाया", म्हणजे कुठल्या मार्गाने जायचं, छापलेला असतो तो वाचा. ठाणे ते अंधेरी एकच तिकीट चालतं, दादरला गाडी बदलायची, बाहेर जाऊन परत तिकीट काढायचं नाही. मात्र लोकलच्या तिकिटावर मेट्रो नाही, एक्सप्रेस नाही, आणि एसी लोकल तर अजिबात नाही. एसी लोकलचं भाडं वेगळं. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे "चुकून चढलो, पुढच्या स्टेशनला उतरतो" म्हणेपर्यंत टीसी समोर उभा असतो.

येणार-जाणार एकाच दिवशी असाल तर रिटर्नच काढा, संध्याकाळी खिडकीवरची रांग बघवत नाही.

५. इंडिकेटर वाचायला शिका

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात म्हणून जरा सावकाश.

प्लॅटफॉर्मवर टांगलेल्या इंडिकेटरवर आधी शेवटच्या स्टेशनचा कोड असतो, मग गाडी फास्ट की स्लो (एफ किंवा एस), मग वेळ, आणि गाडी किती डब्यांची, १२ की १५. खाली कुठे कुठे थांबणार ती नावं सरकत असतात. तोच कोड गाडीच्या तोंडावरही दिसतो.

आता गंमत बघा. सेंट्रलवर कल्याणचा कोड के, ठाण्याचा टी, अंबरनाथचा ए, बदलापूरचा बीएल, टिटवाळ्याचा टीएल. पण कसाऱ्याचा एन आणि कर्जतचा एस. नवीन माणूस दुरून एस बघतो, स्लो समजतो, भांडुपला जायचं म्हणून चढतो, आणि ती निघते कर्जत फास्ट, भांडुप खिडकीतून मागे जाताना दिसतं. म्हणून पहिलं अक्षर म्हणजे स्टेशन, दुसरं अक्षर म्हणजे फास्ट-स्लो, ह्याच क्रमाने वाचायचं, आणि खालची सरकणारी नावं पूर्ण एक फेरी होईपर्यंत बघायची. तुमच्या स्टेशनचं नाव त्यात आलं तरच चढायचं.

फास्टचे नेहमीचे थांबे तोंडपाठ असलेले बरे. वेस्टर्नवर मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. सेंट्रलवर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण, आणि कल्याणच्या पुढे सगळीकडे. पण काही गाड्या ह्यातले थांबे गाळतात, काही मधे विक्रोळी, भांडुप, मुलुंडला थांबतात, काही अंधेरीपर्यंत फास्ट जाऊन पुढे स्लो होतात, म्हणून पाठांतरावर बसू नका, नावं बघाच.

उलट चूक पण होते. डोंबिवलीला किंवा कल्याणला जायचंय आणि माणूस "कल्याण" लिहिलेल्याच गाडीची वाट बघत उभा. अहो कसारा, कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, सगळ्या कल्याणवरूनच जातात! फक्त संध्याकाळी ह्या लांबच्या गाड्यांत घुसू नका, त्याचं कारण सातव्या टप्प्यात.

हार्बरवर सीएसएमटीला पनवेलची गाडी आणि गोरेगावची गाडी त्याच प्लॅटफॉर्मांवरून सुटतात, "हार्बर आहे ना, मग झालं" म्हणून बसायचं नाही.

*सावधान:* अनाउन्समेंट ऐका. शेवटच्या मिनिटाला प्लॅटफॉर्म बदलतो आणि इंडिकेटरवर जुनीच गाडी दिसत राहते असं होतं. शंका आली तर शेजारच्याला विचारा, "ही घाटकोपरला थांबते का?" असंच स्टेशनचं नाव घेऊन विचारा, "फास्ट आहे का" विचारलं की उत्तर मिळतं पण उपयोग होत नाही.

६. डबा ठरवून उभे राहा

गाडी आल्यावर डबा शोधत पळायचं नाही, गाडी साधारण वीस-तीस सेकंद थांबते. प्लॅटफॉर्मवर आणि डब्यावर तिरके पट्टे रंगवलेले असतात, लाल-पिवळे म्हणजे फर्स्ट क्लास, हिरवे-पिवळे म्हणजे लेडीज. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून सेकंडसारखाच दिसतो, आत गादी जरा बरी आणि गर्दी जरा कमी, आणि "अरे वा, हा रिकामा आहे" म्हणून चढणारे सेकंडच्या तिकिटाचे पाहुणे टीसीचं रोजचं गिऱ्हाईक. डबा संशयास्पद रिकामा दिसला तर आधी पट्टे बघा.

लेडीजचे काही डबे दिवसभर, काही ठराविक वेळेतच लेडीज, ते डब्यावर लिहिलेलं असतं. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरचे पेशंट आणि गरोदर बायकाही जाऊ शकतात, हॉस्पिटलच्या कामाला येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. पेशंट सोबत असेल तर कागद हाताशी ठेवा. लगेजचा डबा टोपल्या-पोतीवाल्यांचा, तुमची ट्रॉली बॅग घेऊन तिथे गेलात तर तुमचीच पंचाईत.

७. चढणं आणि त्याहून महत्त्वाचं, उतरणं

चढताना बॅग पाठीवरून काढून पुढे घ्या, मोबाईल आत. उतरणारे उतरू द्या, मग चढा. चालत्या गाडीत चढणारे दिसतील, ते रोजचे, तुम्ही नाही. पुढची गाडी चार-पाच मिनिटांत येतेच.

आत शिरल्यावर दारात थांबू नका आणि एकदम आतही जाऊ नका. उतरायचं स्टेशन दोन-तीन स्टेशनं लांब असेल तर मधल्या पॅसेजमध्ये राहा, लांब असेल तर सीटांच्या मधे जा, तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर घ्या (अर्धीच मिळते).

आता उतरणं. तुमच्या स्टेशनच्या किमान दोन स्टेशनं आधी, फास्टमध्ये आधीचा थांबा सुटला की लगेच, दाराकडे सरकायला लागायचं. पुढच्याच्या खांद्याला हळू हात लावून विचारायचं, "दादर?" तो हो म्हणाला तर त्याच्या मागे निमूट उभे राहा, तुमची रांग लागली. नाही म्हणाला तर तो बाजूला होऊन तुम्हाला पुढे घेईल. मग विचारा प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार, कारण चुकीच्या दाराशी उभे राहिलात तर गर्दीत ह्या दारापासून त्या दारापर्यंत जाणं विसरा. हे न विचारणारा माणूस सीटवरून स्टेशन आल्यावर उठतो आणि ओरडत पुढच्या स्टेशनला पोहोचतो.

संध्याकाळच्या लांबच्या गाड्यांचं कारण हेच. चर्चगेटहून अंधेरीला जायला विरार फास्ट पकडू नका. विरारवाले अजून तासभर जाणार असतात, दार त्यांचं असतं, आणि अंधेरीला तुम्हाला बाहेर पडायला जागा मिळत नाही, वर चार शब्द ऐकायला मिळतात ते वेगळं. त्यांचंही चुकत नाही, त्यांना दुसरी गाडी नसते, तुम्हाला असते. अंधेरी किंवा बोरिवली गाडी घ्या. तसंच ठाण्याला जायचं तर ठाणे लोकल, कर्जत नाही.

*सावधान:* दारात उभं राहून मोबाईलवर बोलू नका, रुळांच्या कडेला उभं राहून हातावर काठी मारून मोबाईल पाडणारे असतात, मोबाईलच्या मागे तोलही जातो. आणि एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जायला रूळ कधीच ओलांडू नका, पूल कितीही लांब असला तरी.

८. गाडी बदलणं

दादर हे वेस्टर्न आणि सेंट्रल जोडणारं मोठं ठिकाण. डिसेंबर २०२३ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म नंबर बदलले, आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४, सलग. जुना माणूस तुम्हाला सवयीने जुना नंबर सांगेल आणि तुम्ही भलत्याच लाईनवर जाऊन उभे राहाल, तेव्हा माणसापेक्षा पाटीवर विश्वास ठेवा. गर्दीच्या वेळी पुलावर पंधरा मिनिटं धरूनच चाला.

आणि दरवेळी दादरलाच बदलायला हवं असंही नाही. कल्याणहून सीप्झला जायचं असेल तर दादर-अंधेरी करत बसू नका, घाटकोपरला उतरा, मेट्रो एकने मरोळ नाका, तिथून मेट्रो तीनने सीप्झ. पैसे थोडे जास्त जातात, पण जीव वाचतो.

९. मेट्रो

लोकलपेक्षा सोपी, त्यामुळे थोडक्यात. लाईन एक वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर. दोन-ए आणि सात दहिसरकडून अंधेरीच्या दोन्ही अंगांना येतात, दोन-ए पश्चिमेला, सात पूर्वेला गुंदवलीपर्यंत. तीन म्हणजे जमिनीखालची, आरेपासून एअरपोर्ट, बीकेसी, दादर, सीएसएमटी, चर्चगेट करत कफ परेडपर्यंत, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू. मंत्रालयाच्या कामाला विधान भवन स्टेशन सोयीचं.

सगळ्यात मोठा गैरसमज नावांचा. मेट्रोचं "अंधेरी वेस्ट" स्टेशन अंधेरी रेल्वे स्टेशनला लागून नाही, ते डी. एन. नगरला आहे. रेल्वे स्टेशनला जोडलेलं ते लाईन एकचं अंधेरी. आणि लाईन तीनवर खाली मोबाईलला रेंज मिळेलच असं धरू नका, क्यूआर तिकीट वर असतानाच काढून ठेवा, पत्ता पण वरच बघून घ्या. बाहेर पडताना गेटचा नंबर बघून पडा, एकेका गेटमध्ये पाच-दहा मिनिटांचं चालणं वाचतं. बॅग तपासणी असते, तेवढा वेळ धरा. रात्री मेट्रो लोकलच्या आधी बंद होते.

१०. शेवटचा टप्पा: बस, शेअर रिक्षा, टॅक्सी

स्टेशनबाहेर बेस्टची बस असतेच. मे २०२५ पासून साध्या बसचं कमीत कमी तिकीट १० रुपये, एसीचं १२. सुट्टे ठेवा, नाहीतर चलो ॲपवर तिकीट काढा, बस कुठे आहे तेही त्यात दिसतं. नंबर बरोबर असूनही लोक चुकतात ते दिशेमुळे, त्याच नंबरची बस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळते, म्हणून नंबरखालचं शेवटच्या ठिकाणाचं नाव वाचून मगच चढा. लिमिटेड बस सगळ्या स्टॉपवर थांबत नाही, कंडक्टरला आधी विचारा.

शेअर रिक्षाची रांग असते, रांगेतच उभे राहा, भाडं ठरलेलं असतं. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, तेव्हा दादरला उतरून रिक्षा शोधू नका, तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस.

११. चुकलातच तर

फास्टमध्ये चढलात आणि तुमचं स्टेशन मागे गेलं, तर पुढच्या थांब्याला उतरून उलट्या दिशेची स्लो घ्या, घाबरून चेन ओढू नका. गोरेगावऐवजी पनवेलच्या गाडीत बसलात आणि वडाळा अजून यायचंय, तर वडाळ्याला उतरून तिथूनच बरोबर गाडी घ्या, वडाळा गेलं असेल तर पुढच्या स्टेशनला उतरून मागे या. कसाऱ्याऐवजी कर्जतच्या गाडीत असाल तर कल्याणपर्यंत काहीच बिघडलेलं नाही, बसून राहा, कल्याणला बदला. मात्र तिकीट तेवढंच आहे हे लक्षात ठेवा, उतरायच्या स्टेशनपेक्षा बरंच पुढे गेला असाल तर तिथे खिडकीवर जाऊन नवीन तिकीट काढून मागे या.

पावसात गाडी मधेच थांबली तर खाली रुळांवर उड्या मारू नका, पलीकडच्या ट्रॅकवर गाडी येऊ शकते. मदतीसाठी रेल्वेचा नंबर १३९.

रात्री साधारण एक ते चारच्या दरम्यान लोकल नसतात. परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते संध्याकाळी बघून ठेवा, आणि बदलून जायचं असेल तर दुसऱ्या लाईनची शेवटची गाडी आधी बघा, तिच्यावरून मागे मोजत पहिली ठरवा.